लाकूड गोल, हिशेब चौकोनी

जुन्या घरात शिरलं की जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत कोणीतरी हमखास म्हणतं, "अस्सल बर्मा टीक आहे हो!" गिरगावातल्या चाळींचे जिने, दादर-माटुंग्याच्या बंगल्यांची दारं, आजोबांचं टेबल, सगळ्यांना हे प्रशस्तिपत्र मिळालेलं असतं. चाळ पडली की तिच्या तुळया, वासे चढ्या भावाने विकले जातात. पण हे लाकूड समुद्र ओलांडून इथवर आलं कसं, हे विचारणारा क्वचित भेटतो. 2019 च्या डिसेंबरात म्यानमारला गेलो, तेव्हा श्वेडगॉन आणि बगानची ठरलेली वारी आटपून मी सागवानाच्या मागावर निघालो. मौलमीन, तौंगू, प्यिनमना, मंडाले असा माग निघाला आणि तो संपला आपल्या रत्नागिरीत.

मौलमीनला यांगूनहून आगगाडी जाते. ती पुढे कमी जाते, वरखाली जास्त होते. डब्यात उभं राहून चहा पिणं हा अंगमेहनतीचा प्रकार आहे. संध्याकाळी गाडी साल्विन नदीवरच्या लांबलचक पुलावर चढते आणि पलीकडच्या टेकडीवर चायथनलान पॅगोडाचा सोनेरी कळस दिसू लागतो. त्या टेकडीच्या पायथ्याशी, नदीला समांतर पसरलेलं हे गाव. आज शांत, काहीसं पेंगुळलेलं. पण 1826 मध्ये यंदाबोच्या तहाने तेनासेरिमचा किनारा इंग्रजांच्या हाती गेला, त्यानंतर 1852 पर्यंत ब्रिटिश ब्रह्मदेशाचा कारभार इथून चालला, आणि तो चालला मुख्यतः सागवानावर.

इंग्रजांना सागवानाची गोडी लागली ती मात्र हिंदुस्थानात. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात; सागात तेल असतं, त्यात खिळा टिकतो, वाळवी लागत नाही आणि पाण्यात लाकूड कुजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारच्या सागापासून ब्रिटिश आरमाराची जहाजं बांधली. 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगतं आहे. पण एकेका युद्धनौकेला शेकडो झाडं लागतात. मलबारची रानं विरळ झाली, 1840 च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड करायची वेळ आली आणि तोवर बंगालच्या उपसागरापलीकडे मौलमीन सापडलं होतं. तिथे गोद्या उभ्या राहिल्या, जहाजं बांधली जाऊ लागली आणि उरलेलं लाकूड कलकत्ता, मद्रास, मुंबईकडे निघालं. त्यामागोमाग इकडून तिकडे माणसं गेली: तमिळ मजूर, चेट्टियार सावकार, सुरती व्यापारी. जॉर्ज ऑर्वेलच्या आईचं घराणं, लिमुझँ, हेदेखील मौलमीनच्या लाकूड व्यापारातलंच. आज गावात फिरताना एका रस्त्यावर मशीद, पुढच्या वळणावर दाक्षिणात्य गोपुर आणि त्यापुढे चर्च दिसतं, त्याचं मूळ हे आहे.

नदीकाठच्या चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली. पूर्वज सुरतेकडचे, स्वतः मात्र सुरत कधी न पाहिलेले. हिंदुस्थानी सफाईने बोलत होते. उभी हयात त्यांनी लाकडाच्या गिरणीत ओंडके मोजण्यात घालवली होती. मला सागवानात रस आहे म्हटल्यावर त्यांनी सिगारेटचं रिकामं पाकीट उलगडलं आणि पेन्सिल मागितली.

"मापायला टेप?" मी विचारलं.

"टेप नंतर आला, भाईसाहब. आधी दोरी."

मग त्यांनी गणित मांडलं. ओंडक्याभोवती दोरी गुंडाळायची. समजा घेर 8 फूट भरला. दोरीच्या चार घड्या करायच्या, आले 2 फूट. दोन दुणे चार. ओंडक्याची लांबी 25 फूट असेल तर चार गुणिले पंचवीस, झाले 100 घनफूट. 50 घनफुटांचा एक हॉपस टन, म्हणजे ओंडका 2 टनांचा. इंग्लंडमधल्या एडवर्ड हॉपस नावाच्या मोजणीदाराने 1736 मध्ये अशी कोष्टकं छापली आणि म्यानमारचं सागवान अजून त्याच टनात मोजतात.

मी मोबाइलवर वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून पाहिलं. 8 फूट घेर आणि 25 फूट लांबीच्या ओंडक्यात खरं तर 127 घनफूट लाकूड असतं. मग हे 27 घनफूट गेलं कुठे? म्हातारबाबा हसले. ओंडका चौकोनी केला की चारी बाजूंची फळकुटं वाया जातात, साल जाते, म्हणून तेवढी सूट खरेदीदाराला आधीच दिलेली, असं व्यापाराचं म्हणणं. "लकडी गोल, हिसाब चौकोर," ते म्हणाले, आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

पुढच्या प्रवासात जिथे जिथे सागवानाचा इतिहास लागला, तिथे तिथे मोजणारा माणूस उभा दिसला. मौलमीनपुरतंच बोलायचं तर साल्विनच्या वरच्या अंगाच्या जंगलांतून, सयामच्या हद्दीतूनसुद्धा ओंडके पावसाळ्याच्या पुरात सोडून दिले जात. खाली नदीत दोर टाकून ते अडवायचे, प्रत्येक ओंडक्यावर ठोकलेली मालकाची खूण पाहून वेगळे करायचे आणि कादो इथल्या सरकारी नाक्यावर महसूल भरायचा. खुणेवरून होणारे तंटे हा त्या काळच्या मौलमीनच्या कोर्टाचा मोठा धंदा होता.

मौलमीनहून परत फिरून सितांग नदीच्या खोऱ्याने उत्तरेकडे निघालं की डाव्या हाताला बगो योमाची डोंगररांग लागते. जगातलं उत्तम सागवान याच डोंगरांतलं. तौंगूहून एका जंगल छावणीवर जाता येतं. आत शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की सागाचं जंगल म्हणजे नुसत्या सागाचं जंगल नव्हे. बांबू, पिंकडो आणि इतर झाडांच्या गर्दीत मधूनच एखादा साग सरळसोट वर गेलेला. तोडायचं झाड आधी निवडायचं, बुंध्याशी सालीसकट बाहेरचं पांढरं लाकूड गोलाकार कापून काढायचं आणि झाड तसंच उभं ठेवायचं. दोन-तीन वर्षांत ते उभ्या उभ्या वाळतं. हा खटाटोप अशासाठी की ओलं सागवान पाण्यात बुडतं आणि वाळलेलं तरंगतं. झाड पाडल्यावर हत्ती ओंडका ओढून कोरड्या ओढ्यात आणून टाकतात. पावसाळ्यात ओढा भरला की ओंडका नदीला लागतो, तिथे तराफे बांधतात. कधी पाऊस कमी पडला की ओंडका वर्षभर वाळूत अडकून पडतो. झाड निवडल्यापासून ते रंगूनच्या गिरणीत पोचेपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जात.

छावणीवरच्या हत्तिणीच्या गळ्यात सागाच्याच लाकडाची घंटा होती. तिचा माहूत, तिकडे त्याला उझी म्हणतात, ती स्वतः कोरतो आणि प्रत्येकाच्या घंटेचा नाद वेगळा असतो. काम संपलं की हत्तीला रात्री रानात चरायला मोकळं सोडतात. पहाटे उझी त्या नादावरून आपला हत्ती शोधून आणतो. म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळाकडे असे सुमारे 3000 हत्ती. मी गेलो तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना काम नव्हतं. सरकारने 2016-17 मध्ये देशभर वर्षभराची तोडबंदी केली होती आणि बगो योमात तर ती दहा वर्षांची होती. ही हत्तीण पर्यटकांना नदीवर अंघोळ दाखवून पोट भरत होती.

याच डोंगरांत 1856 मध्ये डीट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आला. दुसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धात इंग्रजांनी पेगू प्रांत घेतला होता आणि लाकडाच्या ठेकेदारांनी त्याची चाळण करायला घेतली होती. या रानात किती साग आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्रँडिस हत्तीवर बसून सरळ रेषेत रान कापत जाई. पावसात कागद टिकत नाही, म्हणून हातात बांबूच्या कांड्या, प्रत्येक जाडीच्या वर्गाला एक. दोन्ही बाजूंना साग दिसला की त्या वर्गाच्या कांडीवर चाकूने खाच. संध्याकाळी तंबूत खाचा मोजायच्या. दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्या वर्गात यायला किती वर्षं लागतात हे त्याने काढलं आणि मोठी झाडं त्याच वेगाने पाडायची, असा नियम बसवला. तोच माणूस 1864 मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. आपल्या वनखात्याची घडी मेळघाटात किंवा डांगात बसण्याआधी अशी बगो योमात, बांबूच्या खाचांवर बसली.

तौंगूच्या वर गाडी प्यिनमनाला थांबते. शेजारीच 2005 पासून नेपिडॉ ही नवी राजधानी उठली आहे, तिथले वीस पदरी रिकामे रस्ते पाहायला पर्यटक येतात. प्यिनमनाचं जुनं नाव निंग्यान. तिथल्या जंगलाने एक राज्य बुडवलं.

1852 नंतर देशाचे दोन भाग होते. खालचा इंग्रजांचा, वरचा मंडालेच्या राजाचा. तौंगू इंग्रजांकडे आणि निंग्यान राजाकडे. राजाच्या मुलखात साग ही राजाची मालमत्ता होती. निंग्यानच्या जंगलाचा मक्ता होता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे. 1863 मध्ये मुंबईत, वॉलेस बंधूंच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही कंपनी; भाग भांडवलात मुंबईचे व्यापारी, माल मुंबईच्या बाजारात. कंपनीने ओंडके कमी दाखवले, चांगल्या मालावर हलक्या मालाचा दर भरला, असा आरोप दरबाराने केला. आधार काय? ओंडके सितांग नदीतून खाली जात आणि तौंगूच्या ब्रिटिश नाक्यावर त्यांची नोंद होई. राजाच्या अधिकाऱ्यांना सापडलं ते हे, की निंग्यानला भरलेल्या पैशांच्या ओंडक्यांपेक्षा तौंगूला उतरलेले ओंडके कितीतरी जास्त. इंग्रजांचीच वही इंग्रज कंपनीविरुद्ध पुरावा झाली. ऑगस्ट 1885 मध्ये दरबाराने कंपनीला सुमारे 23 लाख रुपयांचा दंड ठोठावला.

लाकडाचा वाद लाकडावर मिटला असता. पण त्याच वर्षी मंडालेने फ्रान्सशी करार केला होता, फ्रेंच वकील दरबारात येऊन बसला होता आणि लंडनला वरच्या ब्रह्मदेशाकडे पाहताना चीनचा व्यापारमार्ग दिसत होता. दंडाचं निमित्त पुरेसं ठरलं. 22 ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता गेला. नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टचं सैन्य आगबोटींतून इरावती चढून गेलं आणि 28 तारखेला मंडाले पडलं. दुसऱ्या दिवशी थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना बोटीवर चढवलं. 1 जानेवारी 1886 रोजी सगळा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानात सामील झाल्याचं जाहीर झालं.

मंडालेत त्या राजवाड्यातलं फारसं काही उरलेलं नाही. संपूर्ण सागवानी राजवाडा 1945 च्या बाँबवर्षावात जळून गेला. आज दिसते ती अलीकडची नक्कल. पण श्वेनान्दो मठ पाहिला की मूळ वैभवाचा अंदाज येतो. मिंदोन राजा ज्या दालनात वारला, ते दालन थिबाने राजवाड्यातून उतरवून बाहेर भिक्षूंना दिलं, म्हणून ते वाचलं. काळपट पडलेल्या सागावर बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही: नर्तक, नाग, वेली. एके काळी त्यावर सोन्याचा वर्ख होता. आत छताशी तो अजून चमकतो. गावाबाहेर अमरापुऱ्याला उ बेइन पूल आहे, तौंगतमान तलावावर 1850 च्या सुमारास बांधलेला, सव्वा किलोमीटर लांब. इनवाचा राजवाडा मोडला तेव्हा उरलेलं सागवान या पुलाला लागलं. हजारावर खांब, काही आता सिमेंटचे. संध्याकाळी त्यावर सायकली, भिक्षू आणि फोटो काढणारे यांची रीघ लागते, आणि पायाखालच्या फळ्या कुरकुरतात.

मराठी माणूस मंडालेत गेला की टिळकांबद्दल विचारतोच. तुरुंग किल्ल्याच्या आवारात होता, आवार लष्कराच्या ताब्यात. पाहायला काही मिळत नाही. टिळक 1908 ते 1914 या काळात तिथे लाकडी बराकीत होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तिथे लिहिलं. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, हा योगायोग आपल्याकडे इतक्यांदा सांगून झाला आहे, की त्यामागचं लाकूड दिसेनासं झालं आहे.

परतल्यावर रत्नागिरीला गेलो ते म्हणूनच. थिबाला आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. जागा निवडताना सरकारने हेच पाहिलं असणार, की इथे आगगाडी नाही आणि बर्मी माणूस चुकूनही येणार नाही. चोवीसेक वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला. 1910 च्या सुमारास आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो, तो तांबडा, उतरत्या छपरांचा राजवाडा तयार झाला. अर्धगोल खिडक्यांवरचं लाकडी कोरीव काम आणि रंगीत काचा पाहताना मंडालेची आठवण होते, पण ती अर्धवटच. हा राजवाडा सरकारी बांधकामखात्याच्या शिस्तीतला आहे. गच्चीवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. राजाला बोटी मोजत बसण्यापलीकडे फार काही करता येत नव्हतं. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. राणी 1919 मध्ये रंगूनला परतली, थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिचे वंशज मराठी झाले. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले होते. राजवाड्यातल्या संग्रहालयात मूर्ती आहेत, जुन्या वस्तू आहेत. त्या 23 लाखांच्या दंडाबद्दल किंवा मुंबईच्या कंपनीबद्दल मला तिथे काही वाचायला मिळालं नाही.

मंडालेचं राज्य गेल्यावर जंगलं कंपन्यांना मोकळी झाली. मुंबईत रे रोडजवळच्या लाकडी बंदरावर सागवान उतरत राहिलं. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत, त्यामुळे हा व्यापार परदेशी म्हणायचीही सोय नव्हती. 1 एप्रिल 1937 ला दोन्ही कारभार वेगळे झाले तेव्हा ती रेघ पडली. 1942 मध्ये जपानी आले, कंपन्यांचे हत्ती इकडेतिकडे पांगले. 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि सागवानाचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला. पुढे लष्करशहा ने विनच्या राजवटीत दुकानंही सरकारजमा झाली आणि लाखो भारतीय नेसत्या वस्त्रानिशी परतले. साग मात्र राजाचा होता तो सरकारचा झाला एवढंच: 1992 च्या वनकायद्यात, देशात कुठेही उभा असलेला साग सरकारी मालकीचा, असं साफ म्हटलं होतं.

भारताची भूक त्यामुळे थांबली नाही, उलट वाढली. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या वृक्षतोडीला वेसण घातली. आपली जंगलं काही अंशी वाचली, पण बांधकामं थांबली नव्हती. परदेशी ओंडक्यांची आवक वाढली, गुजरातेत कांडला-गांधीधामला शेकडो गिरण्या उभ्या राहिल्या, आणि म्यानमारच्या ओंडक्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत झाला. आपण आपलं रान राखलं आणि शेजाऱ्याचं विकत घेतलं, असं याचं सरळ वर्णन करता येईल.

मग 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने गोल ओंडके परदेशी पाठवायला बंदी केली. ज्याला पाहिजे त्याने इथे येऊन कापावं. काही भारतीय कंपन्यांनी तिकडे गिरण्या काढल्या, बाकीच्यांनी घाना, बेनिन, इक्वेडोर, कोस्टा रिका, कोलंबिया गाठलं. आज पुण्याच्या टिंबर मार्केटात 'साग' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंच या देशांतल्या वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडीतलं. रंग फिका, रेषा विरळ, पांढरं लाकूड जास्त. शंभरी ओलांडलेल्या बर्मी सागाशी त्याची तुलना सुतार एका रंध्यात करून दाखवतो. आपल्याकडचा बल्लारपूरचा साग त्याच्या तोडीस तोड. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना 2023 मध्ये तोच गेला. पण तो सगळ्यांना पुरणारा नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता घेतली. लाकूड महामंडळाचा पैसा लष्कराकडे जातो म्हणून अमेरिकेने त्या एप्रिलमध्ये आणि युरोपीय संघाने जूनमध्ये त्याच्यावर निर्बंध घातले. भारताने घातले नाहीत. तेव्हापासून बर्मी सागवान तिसऱ्या देशांत थांबून, कापून, नवे कागद लावून युरोपातल्या नौकांच्या डेकवर पोचतं, असे आरोप होत आहेत. निंग्यान आणि तौंगूच्या दोन वह्या जुळेनात, तसंच हे.

युरोपात 2013 पासून आयातदाराने लाकूड कायदेशीर तोडीचं आहे याची खातरजमा करणं बंधनकारक आहे. आपल्याकडे बंदरावर लाकडाची कीड तपासतात, जकात घेतात. ते कोणाच्या जंगलातून, कोणाच्या परवानगीने आलं हे सिद्ध करायला लावणारा कायदा नाही. दोनशे वर्षं हे लाकूड विकत घेणाऱ्या देशाने दोरीचं एक टोक आपल्या हातात घ्यायला हरकत नसावी. तोवर गिऱ्हाईक म्हणून एवढं करता येतं: 'अस्सल बर्मा' म्हणून कोणी दुप्पट भाव सांगितला, तर माल कुठल्या बंदरातून कधी उतरला आणि कुठे कापला, याचे कागद मागावेत. नसतील, तर दुप्पट भाव कशाचा?